बॅटरी उतरलेली गाडी जंप स्टार्ट करताना: ठिणगी कुठे पडेल ते आधी ठरवा

‘लाल लालला, काळी काळीला.’ गाडीची बॅटरी उतरली की दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून ती चालू करायची, म्हणजे जंप द्यायची, तर त्यासाठीच्या जंपर केबलबद्दल बहुतेकांना एवढंच पाठ असतं. केबलच्या चार टोकांपैकी तीन टोकांना हा नियम लागू आहे. चौथ्याला, म्हणजे काळ्या वायरीच्या शेवटच्या टोकाला, तो लागू नाही. ते टोक उतरलेल्या बॅटरीवर लावायचं नसतं. ते बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूवर लावायचं असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रस्त्याकडेला, कधीकधी गॅरेजमध्येसुद्धा ते सर्रास बॅटरीवरच लावलेलं दिसतं. बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही, म्हणून ही सवय जात नाही.

आपल्या गाड्यांमधली नेहमीची बॅटरी ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. चार्ज होताना तिच्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की तो एका ठिणगीनं पेट घेतो. बॅटरी फुटली तर प्लास्टिकचे तुकडे आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड थेट वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर येतं. दोन बॅटऱ्या जोडताना शेवटच्या टोकाला ठिणगी पडणारच, ती टाळता येत नाही. ती कुठे पडावी एवढं मात्र आपल्या हातात असतं. खाली दिलेला जोडणीचा सगळा क्रम त्याच एका गोष्टीसाठी आहे, आणि कारण लक्षात राहिलं की क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

आधी बघा, दोष बॅटरीचाच आहे का

चावी फिरवल्यावर गाडी काय करते ते नीट ऐका. बॉनेटखालून भराभर ‘टकटकटकटक’ आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन लुकलुकले, तर बॅटरी उतरली आहे. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर, रडतखडत फिरतो आणि मध्येच दम सोडतो, तरीही तेच. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरी पूर्ण बसली आहे किंवा तिचं टर्मिनल सुटलं आहे.

पण सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, तर बॅटरी चांगली आहे. तिथे पेट्रोल, फ्युएल पंप, स्पार्क प्लग किंवा इमोबिलायझर (ओळख नसलेल्या किल्लीनं इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्याकडे बघायला हवं. जंपर केबल लावून उपयोग नाही. दिवे झगझगीत आहेत आणि फक्त एकच ‘टक’ आवाज येतो, तर बहुतेक सेल्फची मोटर किंवा तिची वायर बिघडलेली असते.

बटण स्टार्टच्या गाड्यांमध्ये आणखी एक गल्लत होते. रिमोटमधला बटणाएवढा सेल संपलेला असतो, गाडी किल्ली ओळखत नाही, आणि माणूस समजतो बॅटरी गेली. अशा वेळी रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून धरा आणि ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबून बटण दाबा. बऱ्याच गाड्या एवढ्यानं चालू होतात. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तिकेत दाखवलेली असते. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या.

मग बॉनेट उघडा आणि टर्मिनल हातानं हलवून बघा. टर्मिनल हातानं फिरत असेल तर दोष तिथेच आहे. १० नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना लागतो. त्यानं नट आवळला की गाडी लगेच चालू होते, असं फार वेळा घडतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असेल तर तिच्यामुळे संपर्क तुटतो. तात्पुरतं काम भागवायला क्लॅम्प सैल करून जरा डावी-उजवीकडे फिरवा आणि पुन्हा घट्ट बसवा. क्लॅम्प काढावा लागलाच तर आधी मायनस काढायचा आणि बसवताना तो शेवटी बसवायचा. नाहीतर प्लसवर लावलेला पाना बॉडीला टेकतो आणि तिथेच मोठी ठिणगी उडते. ती भुकटी उघड्या हातानं पुसू नका, आणि हात डोळ्यांना लावू नका.

जवळ मल्टिमीटर असेल तर शंका राहत नाही. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२च्या खाली गेली की तिच्यावर सेल्फ फिरण्याची आशा कमी. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

या गाडीला केबल लावू नका

बॅटरीचं खोकं फुगलेलं असेल, तडा गेला असेल, अ‍ॅसिड गळत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथेच थांबा. ती बॅटरी बदलायचीच आहे. झाकणांच्या बॅटरीत पाणी आतल्या शिशाच्या प्लेटांच्या खाली गेलेलं दिसलं तरीही जंप देऊ नका. आतली मोकळी जागा वाढलेली असते आणि ती वायूनं भरते. हिवाळ्यात लेह-लडाखकडे गाडी घेऊन गेला असाल तर गोठलेल्या बॅटरीलाही हाच नियम. उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण जवळजवळ पाण्यासारखं झालेलं असतं, त्यामुळे ते भरलेल्या बॅटरीपेक्षा खूप लवकर गोठतं.

पावसाळ्यातला धोका याहून मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. गाडी पाण्यात उभी राहिली, पाणी बंपरच्या वर गेलं, आणि आता ती चालू होत नाही, तर तिला जंप देणं हा सगळ्यात महागडा प्रयोग ठरतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर अशा गाडीला सेल्फ न मारता, बॅटरीची मायनस वायर काढून, टो करून नेणं हाच मार्ग असतो. शिवाय इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल, तर पाण्यात भिजलेली गाडी चालू करायला गेल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, आतला दिवासुद्धा लावू नका. सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडी ठेवा आणि लांब जा. वास नसेल तर सीएनजी गाडीला इतर गाड्यांसारखीच जंप देता येते. टाकीत थोडं पेट्रोल आहे ना ते मात्र बघा, कारण बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात.

वायर कशी असावी

पेट्रोलच्या लहान गाडीचा सेल्फ फिरताना १०० ते २०० अँपिअर करंट ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. घरात एसीसाठी आपण सहसा ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकतो. तीच वायर तीन-तीन मीटर घेऊन जंप द्यायला गेलात आणि १५० अँपिअर वाहिले, तर जवळजवळ ४ व्होल्ट नुसते वायरीतच जातात. उरलेल्यावर सेल्फ फिरत नाही. वायर मात्र तापते आणि वरचं प्लास्टिक वितळायला लागतं. तेवढ्याच लांबीची १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर एकच व्होल्ट जातो. लहान पेट्रोल गाडीला १६ची केबल पुरते, डिझेल एसयूव्हीला २५ची घ्या.

बाजारात ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’ असे आकडे छापलेल्या केबल मिळतात. त्या आकड्यावर विसंबू नका. पुष्कळदा वरचं रबर अंगठ्याएवढं जाड असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चार तारा असतात. चिमट्याचं रबरी आवरण मागे सरकवा आणि वायर आत कशी बसवली आहे ते बघा. तारांचा जुडगा भरगच्च हवा, आणि वायर चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना जोडलेली हवी. स्वस्त केबलमध्ये ती एकाच जबड्याला जोडतात. मग दुसऱ्या बाजूनं नुसती पकड मिळते, करंट मिळत नाही. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. लांबी अडीच-तीन मीटर पुरे. त्याहून लांब घेतलीत तर जाडीही वाढवावी लागते.

मदतीला कुठली गाडी घ्यावी

१२ व्होल्टची, आणि शक्यतो तुमच्या गाडीएवढी किंवा त्याहून मोठी बॅटरी असलेली. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, मोठ्या डिझेल गाडीत त्याच्या दुप्पट. छोट्या गाडीवर मोठं डिझेल चालू करायला गेलात की दोन्ही गाड्या बंद पडायची शक्यता असते.

ट्रक आणि एसटी-बस यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. घाटात बंद पडलात आणि एखादा ट्रकचालक आपुलकीनं वायर घेऊन आला, तर आभार मानून नको म्हणा. २४ व्होल्ट तुमच्या गाडीत गेले तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), म्युझिक सिस्टीम, एअरबॅगचं युनिट, काय काय जळेल सांगता येत नाही. ‘दोनपैकी एकाच बॅटरीवरून देतो’ असंही सांगतात. ज्याला त्या जोडणीची नीट माहिती आहे त्याच्यासाठी ते ठीक, पण रात्री, अंधारात, घाईत एक चिमटा चुकला की संपलं. मोटारसायकलची बॅटरी फार लहान असते, तिच्यावर गाडीचा सेल्फ फिरत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, पण ती सेल्फचा भार घेण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून त्यांच्यावरून दुसऱ्याला जंप देऊ नये. त्यांची स्वतःची १२ व्होल्ट बॅटरी उतरली तर काय करायचं ते पुस्तिका सांगते. नारिंगी रंगाच्या वायरींना मात्र हात लावायचा नाही.

जोडणी

दोन्ही गाड्या अशा लावा की केबल ताणली जाणार नाही, पण गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत. बंपर टेकले तर बॉडीतूनच जोडणी होऊ शकते, आणि मग ठिणगी कुठे पडेल यावर आपला ताबा राहत नाही. दोन्ही गाड्यांचे हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल किंवा ‘पी’मध्ये, दोन्ही इंजिनं बंद, चाव्या काढलेल्या. दिवे, एसी, मोबाइल चार्जर, डॅशकॅम सगळं बंद करा. पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना थेट सांगा, ‘काका, पाच मिनिटं गाडी लागेल. आधी इंजिन बंद ठेवूनच जोडू, मी सांगितलं की चालू करा.’ आजूबाजूला जमलेल्यांना दोन पावलं मागे राहायला सांगा, आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्याला जरा लांब.

हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. प्लस टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लालबुंद होते आणि बोटातून निघत नाही. मंगळसूत्र किंवा लोंबती साखळी कपड्यांच्या आत घ्या, ओढणी-पदर कमरेला खोचा. इंजिन चालू झालं की बेल्ट फिरतो, आणि रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. चष्मा असेल तर घाला. चेहरा बॅटरीच्या सरळ वर आणू नका.

टर्मिनल ओळखताना रंगावर विश्वास ठेवू नका. धुळीनं दोन्ही वायरी सारख्याच दिसतात, आणि बदललेल्या बॅटरीवर कोणी कुठल्या रंगाची टोपी बसवली असेल सांगता येत नाही. बॅटरीच्या खोक्यावर कोरलेली ‘+’ आणि ‘−’ चिन्हं बोटानं धूळ पुसून वाचा. मोबाइलचा टॉर्च लावा. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते. तिथे बॉनेटखाली लाल झाकणाचा वेगळा प्लस पॉइंट दिलेला असतो, तोच वापरा.

आता चिमटे. पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर. दुसरा लाल चिमटा चांगल्या बॅटरीच्या प्लसवर. अजून दोन्ही गाड्यांच्या मायनस बाजू जोडलेल्या नाहीत. त्यामुळे दुसरा लाल चिमटा लावताना चुकून चांगल्या गाडीच्या बॉडीला लागला तरी करंटला परत जायला वाट नसते. काळी वायर आधी लावली असती तर तोच चिमटा बॉडीला लागताच शॉर्ट झाला असता. लाल आधी लावायचं ते यासाठी.

तिसरा, म्हणजे पहिला काळा चिमटा, चांगल्या बॅटरीच्या मायनसवर. काही नव्या गाड्यांत मायनसवर बॅटरीवर लक्ष ठेवणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. तिथे बॉनेटखाली दिलेल्या अर्थच्या, म्हणजे मायनस जोडणीच्या, बोल्टवर लावा.

चौथा चिमटा उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या धातूवर. रंग नसलेला जाड बोल्ट, इंजिन उचलायचा हुक किंवा खास दिलेला अर्थ पॉइंट चालतो. बॅटरीपासून हातभर तरी लांब जागा बघा. पेट्रोलचा पाइप, फिरता बेल्ट, पंखा यांच्यापासूनही लांब. रंगवलेल्या पत्र्यावर किंवा गंजलेल्या बोल्टवर नीट संपर्क होत नाही. इथे बारीक ठिणगी पडेल, कधी दिसेल, कधी नाही. दचकू नका, ती पडायलाच ही जागा निवडली आहे. चिमटा टेकवत-उचलत राहू नका, एकदाच घट्ट पकडवा. जोडल्यावर मोठा कडकड आवाज, धूर किंवा वायर तापल्याचा वास आला तर हाच चिमटा लगेच काढा आणि प्लस-मायनस पुन्हा तपासा. उलट जोडणी झाली तर मुख्य फ्यूज, अल्टरनेटरचे (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड आणि ईसीयू यांतलं काहीही जाऊ शकतं.

आता चांगली गाडी चालू करा आणि अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून २,००० आरपीएमच्या आसपास पाच मिनिटं ठेवा. हा वेळ वाया जात नाही. तेवढ्यात उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि सेल्फचा सगळा भार केबलवर पडत नाही. पहिल्या फटक्यात न झालेल्या कितीतरी गाड्या दहा मिनिटं थांबल्यावर होतात. मग उतरलेल्या गाडीचा सेल्फ मारा, एका वेळी जास्तीत जास्त पाच-सात सेकंद. झाली नाही तर मिनिटभर थांबा, सेल्फची मोटर थंड होऊ द्या. सेल्फ मारताना मदतीच्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं की बंद, यावर कंपन्यांच्या पुस्तिका एकसारखं सांगत नाहीत, पण बहुतेक चालूच ठेवायला सांगतात. तीन-चार प्रयत्नांत गाडी हलली नाही तर चिमट्यांची पकड एकदा बघा. तरीही नाही, तर मेकॅनिकला फोन करा. ते इंजिन वेगळ्याच कारणानं अडलेलं आहे, किंवा बॅटरीचा एखादा सेल आतून शॉर्ट झाला आहे.

चालू झाल्यावर

दोन-तीन मिनिटं केबल तशीच ठेवा. काढण्याआधी चालू झालेल्या गाडीचा ब्लोअर पूर्ण करा, मागच्या काचेचा डीफॉगर असेल तर तोही लावा. केबल सुटताना व्होल्टेज उसळी मारतं, ती उसळी हे भार झेलतात. हेडलाइट मात्र लावू नका, त्या उसळीत बल्ब जाऊ शकतो.

काढताना क्रम अगदी उलटा: आधी इंजिनाच्या धातूवरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा लाल, शेवटी तुमच्या बॅटरीचा लाल. पुन्हा पहिली सुटणारी जागा बॅटरीपासून लांब आहे. सुटलेले चिमटे एकमेकांना टेकू देऊ नका.

आणि इंजिन बंद करू नका. एखाद्या चौकापर्यंत जाऊन आल्यावर बॅटरी भरली असं वाटतं, पण तसं नसतं. ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना अल्टरनेटर कमी करंट देतो आणि एसी, दिवे, पंखा तोच वापरतात. निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, आणि मध्ये कुठे बंद करायचीच झाली तर जिथे पुन्हा मदत मिळेल तिथेच बंद करा. पेट्रोल पंपावर इंजिन बंद करावंच लागतं, म्हणून इंधन थोडंच असेल तर त्याचा आधी विचार करा. ‘अल्टरनेटर चालतो का बघू’ म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची जुनी पद्धत आताच्या गाड्यांना घातक आहे. त्यापेक्षा मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर काम करतोय. १२.५च्या खालीच राहत असेल तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे, आणि गाडी थोड्या अंतरावर पुन्हा बंद पडेल.

पूर्ण बसलेली बॅटरी भरण्याचं खरं काम चार्जरचं आहे. बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावा, घरी चार्जर असेल तर हवेशीर जागी लावा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर जमतो. तो बसला की बॅटरी पूर्वीसारखा चार्ज धरत नाही.

महामार्गावर बंद पडलात तर

आधी माणसं, मग गाडी. बॅटरी बसली असेल तर हॅझर्ड लाइटही लागणार नाहीत, त्यामुळे डिकीतला लाल त्रिकोण बाहेर काढा आणि गाडीच्या बराच मागे ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. घरच्यांना गाडीत बसवून ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभं करा. वाहत्या लेनमध्ये समोरासमोर दुसरी गाडी लावून जंप देणं जिवावर बेतू शकतं. गाडी कडेला घेता येत नसेल तर केबल डिकीतून बाहेर काढूच नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा, कुठेही संकटात ११२.

ऑटोमॅटिक गाडीत बॅटरी बसली की लिव्हर ‘पी’मध्येच अडकतो आणि गाडी ढकलता येत नाही. लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखालचा खटका चावीनं दाबला की बऱ्याच गाड्यांत लिव्हर सुटतो. आपल्या गाडीत तो कुठे आहे ते आज, उजेडात, बघून ठेवा. रिमोटच्या आत लपवलेली धातूची चावी कशी निघते तेही, कारण बॅटरी बसल्यावर दार तिनंच उघडतं.

धक्का देऊन चालू करायची का

मॅन्युअल गिअरच्या जुन्या गाडीला अजूनही चालतं. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, गाडीनं थोडा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन पकडताच पुन्हा दाबायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून उतारावर किंवा गर्दीत नको. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर ईसीयू आणि फ्युएल पंपालाच वीज मिळत नाही, मग कितीही ढकला. ऑटोमॅटिक गाड्या, त्यात एएमटी आणि सीव्हीटीही आल्या, धक्क्यानं चालू होत नाहीत. नव्या बीएस-६ गाडीत पुन्हा पुन्हा धक्का दिला की न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि तो भाग फार महाग आहे. माझं मत विचाराल तर केबल उपलब्ध असताना धक्का देऊ नये.

एकट्यानं प्रवास करणाऱ्यांनी लिथियमचा हातात मावणारा जंप स्टार्टर घ्यावा. दुसऱ्या गाडीची गरज राहत नाही आणि उलटी जोडणी झाली तर चांगला स्टार्टर चालूच होत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो चार्ज करा, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. लिथियमला ती उष्णता सोसत नाही.

बॅटरी का उतरली, ते शोधा

हेडलाइट राहिले असतील तर लहान बॅटरी तीन-चार तासांत बसते. डिकीचा ५ वॉटचा दिवा नीट बंद न झालेल्या झाकणामुळे लागून राहिला, तर दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. यातलं काही नसेल आणि गाडी नुसती उभी होती, तरी अलार्म, घड्याळ, ईसीयू थोडा थोडा करंट घेतच असतात. समजा तो ३० मिलिअँपिअर आहे. महिनाभरात जवळजवळ २२ अँपिअर-अवर होतात, म्हणजे ३५च्या बॅटरीचा निम्म्याहून जास्त भाग. गणपतीला रेल्वेनं कोकणात जाऊन आलं, मुलांकडे परदेशात चार महिने राहून आलं की पार्किंगमधली गाडी का चालू होत नाही, त्याचं उत्तर हेच. इतके दिवस बाहेर जाणार असाल तर मायनस वायर काढून ठेवा. परत जोडल्यावर घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा करावी लागते, तेवढंच. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा अ‍ॅम्प्लिफायर थेट बॅटरीवर जोडला असेल तर त्याच्यावर पहिला संशय घ्या.

कारण सापडलं नाही आणि आठवड्याभरात पुन्हा उतरली, तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन बॅटरीची तपासणी, करून घ्या. ती काही मिनिटांत होते. आपल्या हवेत बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, आणि तिला थंडीपेक्षा उन्हाळा लवकर संपवतो. नवी घेताना वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या, बॅटरीवरचा अनुक्रमांक कार्डाशी जुळवा. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असलेल्या गाडीला साधी बॅटरी बसवू नका, तिला पुन्हा पुन्हा स्टार्ट सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची लागते. जुनी बॅटरी दुकानातच द्या, भंगारवाल्याला नको. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी तिची विल्हेवाट उत्पादकांवर सोपवली आहे, आणि दुकानदार तिच्या शिशाची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून देतो.